बादलीभर शेवाळ

माझा नवरा ड्वेन निवृत्त झाला तेव्हा कारखान्याने त्याला एक घड्याळ दिलं आणि मला ड्वेन दिला. घड्याळ निदान भिंतीवर टांगता येतं.

आमच्या सीडर रॅपिड्स शहरातल्या ओट्सच्या कारखान्यात तो पाळीचा सुपरवायझर होता. जन्मभर सकाळी अंधारात बाहेर पडला आणि दुपार कलल्यावर घरी आला. मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होते, पण गुडघ्यांनी दगा दिल्यावर ती नोकरी सोडली होती. खरं सांगायचं तर त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. रेडिओ लावायचा, कोलाचीचं, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांचं, पीठ मळून फुगायला ठेवायचं, बहिणीचा फोन मानेत अडकवून जर्दाळूचं सारण ढवळत बसायचं. कोणी बघत नाही, कोणी विचारत नाही. राणीला काय सुख असेल!

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी ड्वेन स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला आणि मैद्याचा डबा सगळ्यात वर का ठेवतेस, असं विचारू लागला. मी म्हटलं, तिथेच असतो. हे उत्तर त्याला पटलं नाही. संध्याकाळपर्यंत मैदा सगळ्यात खालच्या फळीवर गेला, म्हणजे नेमका माझ्या गुडघ्यांना जाता येणार नाही तिथे. मी डिशवॉशरमध्ये लावलेल्या बशा तो पुन्हा बाहेर काढून पुन्हा लावायचा, कारण त्याच्या मते माझ्या पद्धतीत जागा फुकट जात होती. मसाल्यांच्या बाटल्या त्याने अक्षरांच्या क्रमाने मांडल्या. डोळे मिटून मीठ घ्यायची माझी सवय. एकदा बटाट्याच्या सूपमध्ये दालचिनी पडली. ड्वेनने एक चमचा तोंडात घातला, शांतपणे खाली ठेवला आणि म्हणाला, "लेबल वाचत जा, लोर्ना."

त्या दिवशी मी त्याच्या अंगावर सूप ओतलं नाही, याचं श्रेय मला आजवर कोणी दिलेलं नाही.

वसंतात बर्फ वितळलं आणि त्याने मागच्या अंगणात तळं खणलं. काळं रबर अंथरलं, दगड रचून छोटासा धबधबा केला, पंप बसवला, कोई जातीचे लाल-पांढरे शोभेचे मासे आणून सोडले. मी मनातल्या मनात हात जोडले. पण ड्वेनच्या हाताला वेग फार. महिन्याभरात तळं बांधून तयार, आणि हा पुन्हा दारात उभा. तेवढ्यात उन्हाळा लागला आणि देवाने शेवाळ धाडलं.

साधं नव्हे, धाग्यांचं शेवाळ. दगडांवर, पंपावर, धबधब्याच्या पायऱ्यांवर हिरव्या लोकरीच्या लडी सोडाव्यात तसं. ड्वेनने संडासाचा ब्रश झाडूच्या दांड्याला बांधला आणि पाण्यात गरागरा फिरवून ते गुंडाळून काढू लागला. सकाळी काढलं की आठवड्यात पुन्हा तेवढंच. मग शेवाळ मरतं असं ऐकून त्याने माझ्या जुन्या मोज्यांत बार्लीचं काड भरून पाण्यात सोडलं. मग पंपाला जोडायचा, पाणी स्वच्छ करणारा महागाचा एक दिवा आणला. दिव्याने पाण्यातला हिरवा गढूळपणा गेला आणि पाणी असं काही नितळ झालं की ऊन थेट तळापर्यंत पोचायला लागलं. शेवाळाला आणखी काय हवं? ते दुप्पट झालं.

ड्वेन सकाळी कॉफी घेऊन जो बाहेर जायचा तो जेवायलाच आत यायचा. शिव्या घालायचा, कपाळावरचा घाम पुसायचा, आणि त्याचा चेहरा असा खुललेला असायचा की मला लग्नाआधीचा ड्वेन आठवायचा. तळेवाल्यांच्या क्लबात जाऊन तो शेवाळावर तासन्‌तास बोलायचा. त्याच क्लबातल्या बायकांकडून मला एकदा कळलं की माशांना मूठमूठ खायला घातलं की ते शेवटी शेवाळाच्याच पोटात जातं. ड्वेन मूठमूठच घालायचा. मी त्याला काही बोलले नाही. त्याने विचारलं नव्हतं.

हिवाळ्यात तळं गोठलं, तरी तो तळघरात बसून नवनवे ब्रश बनवत राहिला. मैदा वरच्या फळीवर परत गेला. माझं सगळं छान चाललं होतं, आणि छान चाललं की माणसाला प्रेमाचं भरतं येतं. पुढच्या जूनमध्ये त्याच्या वाढदिवसाला मी रोपवाटिकेत गेले आणि तिथल्या बाईला म्हटलं, तळ्यात शोभेल असं काहीतरी द्या. तिने गुलाबी कमळांच्या कुंड्या दिल्या आणि खोकाभर जलपर्णी दिली. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पैशाने मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. पानं पसरली, पाण्यावर सावली आली, शेवाळाचं सगळं खाणं त्या झाडांनीच खाल्लं. जुलै संपायच्या आत तळं असं झालं की माशांचे खवले दिसावेत. क्लबात ड्वेनसाठी टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात येऊन बसला. बराच वेळ बोटांनी टेबल वाजवलं. मग त्याची नजर फ्रिजवर गेली.

फ्रिजमध्ये काय काय झालं ते सांगत नाही. अंड्यांवर तारखा आल्या एवढंच सांगते. बहिणीचा फोन आला की हा शेजारी बसून मधेच उत्तरं द्यायचा, तीही त्याला न विचारलेल्या प्रश्नांची. अधूनमधून तळ्यावर चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, रात्री रानातून रॅकून येऊन कमळं खातोय. खरोखरच कमळं कमी होत होती. मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. रॅकूनचं भलं होवो, असंच मी म्हणत होते. पण एक रॅकून किती पुरा पडणार?

ऑगस्टमध्ये मी ठरवलं, तळ्यात शेवाळ परत आणायचं. ड्वेनच्या क्लबात बर्नाडीन झिटेक म्हणून एक विधवा बाई आहे. तिचं तळं म्हणजे क्लबाची लाज. त्यात मासे आहेत हे फक्त तिलाच माहीत, इतकं शेवाळ. मी ड्वेनला सांगितलं की बर्नाडीनला कोलाची देऊन येते, आणि गाडीत झाकणाची रिकामी बादली टाकून निघाले. तो दुपारी झोपला की बादली ओतायची, एवढा साधा बेत होता.

बर्नाडीनच्या अंगणात पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी थांबले. तिच्या तळ्यात गुलाबी कमळं फुलली होती. कुंड्यांना रोपवाटिकेच्या चिठ्ठ्या तशाच लटकत होत्या. नवऱ्याने परक्या बाईला फुलं द्यायची, तीही मी विकत घेतलेली! क्षणभर माझ्या डोळ्यांपुढे काय काय येऊन गेलं ते मी बर्नाडीनला कधीच सांगणार नाही. तेवढ्यात ती हात पुसत बाहेर आली, माझी बादली बघून हसायलाच लागली.

"तूपण?" ती म्हणाली. "अगं, परवाच ड्वेन घेऊन गेला की बादलीभर. त्याच्या बदल्यात कमळं आणून देतो बिचारा."

"शेवाळ नेलं? कशाला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, घरात बसवत नाही गं. मीठ उचललं तरी लोर्नाच्या कपाळाला आठी. आपल्याच घरात पाहुण्यासारखं बसावं लागतं." तिने कोलाचीचा डबा माझ्या हातातून घेतला. "मी तुला सांगितलं असं म्हणू नकोस हं. बाकी, जर्दाळूची आहेत ना?"

जर्दाळूचीच होती. मी बादली भरली आणि निघाले. गाडीत मला इतका राग आला होता की वळणाचा दिवा लावायचा राहिला. घर माझं, बहीण माझी, मीठ माझं, छळ माझा झाला, आणि पाहुणा म्हणे हा! नदीवरच्या पुलापर्यंत हे सगळं मी मोठ्याने बोलत होते. पुलावर मात्र आठवलं की पाहुणीसारखं वाटतं हे अगदी याच शब्दांत मी बहिणीला सांगितलं होतं, न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून. राग होताच, पण आता लाजही वाटत होती, आणि त्या माणसाची दयाही येत होती, हे मला अजिबात आवडलं नाही.

त्याच्या झोपेची वाट बघण्यात आता अर्थ नव्हता. मी बादली घेऊन सरळ मागच्या अंगणात गेले. ड्वेन तळ्याकाठी गुडघ्यांवर बसला होता, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, हातात कमळाची शेवटची कुंडी.

"रॅकून आला वाटतं," मी म्हटलं.

तो दचकला. त्याने कुंडी खाली ठेवली. मग माझ्याकडे बघितलं आणि बादलीकडे बघितलं. झाकणाच्या कडेने हिरवे धागे लोंबत होते. इतक्या वर्षांच्या संसारात एकमेकांपासून पळायची आमची वाट एकच निघाली होती, आणि ती चोरून धरायची अक्कलही दोघांना बरोबरच आली होती.

तो उठला. माझे गुडघे त्याला माहीत आहेत, म्हणून बादलीची कडी एका बाजूने त्याने धरली.

"इथे नको," तो म्हणाला. "धबधब्यापाशी ओत. तिथे लवकर धरतं."

आम्ही दोघांनी मिळून ते तिथे ओतलं, आणि मी आत गेले.