करड्या कापडाची उशी

पांढरं, चपटं, एका कडेला नखासारखं झिजलेलं — जिभेवर ठेवलं तरी ते विरघळेना, नुसतं कोरडं होऊन टाळूला चिकटलं, आणि पाण्याचा पेला ओठांशी नेता नेता त्याच्या लक्षात आलं की ही गोळी नव्हे, खडू आहे. कापडावर रेघा मारायचा. त्याने तो तळहातावर थुंकला. दोष अर्थातच बायकोचा. सात वारांचे सात खण असलेली ती प्लॅस्टिकची डबी तीच रोज भरते, आणि भरताना फोनवर बहिणीशी बोलते, मग खणात खडू गेला काय आणि शर्टाचं बटण गेलं काय... ‘अगं’ म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि तेवढ्यात आठवलं — काल संध्याकाळी सदऱ्याच्या खिशातून खडू काढून, हरवू नये म्हणून, त्यानेच तो तिथे ठेवला होता. त्याने तोंड मिटलं. हाक न मारल्याबद्दल त्याला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

सात आठवड्यांपूर्वी त्याची पाठ उघडून आत दोन सळया आणि आठ स्क्रू बसवले होते. बसवणाऱ्या डॉक्टरने नंतर फोटो दाखवला — बघा, एकदम सरळ — आणि त्याने पाहिलं तर खालून तिसरा स्क्रू चक्क तिरपा. चालतो तेवढा, डॉक्टर म्हणाला. चालतो! दुकानात अस्तराला असा टाका घालून धाकट्या भावाने ‘चालतो’ म्हटलं असतं तर त्याने अख्खा कोट उसवायला लावला असता. पण या लोकांचं बरं असतं, त्यांची शिवण कातडीखाली जाते, गिऱ्हाइकाला आरशात दिसत नाही.

आणि मग गोळ्या. एक दुखणं मारते, तिने पोट बांधलं जातं, म्हणून दुसरी पोट सोडवायला, तिने मळमळतं, म्हणून तिसरी. बाही तोकडी झाली म्हणून खांदा ओढायचा आणि खांदा ओढल्यावर कॉलर फाकली म्हणून मान आवळायची — असलं काम त्याच्या दुकानात नवशिक्यानेही केलं नसतं. पहिले नऊ दिवस त्याचं पोट हलेना. घरात दुसरा विषयच नव्हता. बायको, शेजारीण, बायकोची बहीण, सगळ्या गंभीर चेहऱ्याने ‘आज झाली का’ विचारायच्या, जणू काही घरात कुणाचा निकाल लागायचा होता. तोंड दिवसभर कोरडं. अंगाला दरदरून घाम. शिवाय ती नसांची पिवळी गोळी, तिने ओळखीचे शब्द ऐन वेळी निसटायचे — परवा कात्री मागायची होती तर त्याला म्हणावं लागलं, ते... ते कापायचं दे. बायकोने सुरी आणून दिली. मूर्ख बाई.

दुपारी खिडकीचे गज त्याला कधीकधी दोन-दोन दिसायचे. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय, पाचवी गोळी आली असती. आणि डोळ्याला काही झालेलं नव्हतं, डोळा शाबूत होता. डोळा म्हणजे तो स्वतः. माणूस दुकानाच्या पायरीवर आला की टेप न लावता त्याने सांगावं — छाती चाळीस, डावा हात पाव इंच लांब, पोट दाखवायचं नाहीये — आणि मग टेपने ते खरं ठरावं. दुकानात सगळे त्याला मास्टर म्हणत. कापडावर रेघ मारायची ती त्यानेच, कात्री चालवायची ती त्यानेच. धाकटा भाऊ मशीनवर. तीस वर्षं धाकट्याने दादाच्या रेघेवरून शिवलं, खडूला कधी हात लावला नाही. लावू दिलाच नाही. काही हात रेघ मारायला जन्मतात, काही रेघेवरून चालायला. यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे?

साडेनऊला ती व्यायाम करून घेणारी मुलगी आली. तिला तो मनात आपण-बाई म्हणायचा.

‘‘आज आपण कसे आहोत?’’

‘‘तुमचं तुम्हाला माहीत,’’ तो म्हणाला.

ती हसली. या मुलीला अपमान कळत नाही, हा तिचा मोठाच गुण. आपण आता कुशीवर वळणार आहोत, आपण आता कंबरेचा पट्टा आवळणार आहोत, आपण पायरी चढणार आहोत... स्क्रू माझ्या पाठीत आहेत, बाई, तुमच्या नाहीत. जाताना तिने नेहमीचं सांगितलं: वाकायचं नाही, आणि पाठीला उशी असल्याशिवाय दहा मिनिटांच्या वर बसायचं नाही. ‘‘ही उशी मात्र छान शिवलीय हं,’’ खुर्चीतली करडी उशी थोपटत ती म्हणाली. ‘‘अगदी हवी तिथेच भरते.’’ उशीचं कौतुक. आठ स्क्रू सोसले त्याने आणि कौतुक उशीचं.

उशी धाकट्याने पाठवली होती, महिन्याभरापूर्वी. दुसरं काय पाठवणार? उशा, अभ्रे — ती त्याची झेप.

आजचा दिवस उशीचा नव्हता. आज अकराला हेडसर ट्रायलला घरी यायचे होते. शाळेतून निवृत्त होत होते, निरोपाच्या समारंभासाठी कोट, आणि त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच उतरलेला. वीस वर्षं त्याने त्यांचे कोट असे कापले होते की शाळेतल्या कुणाला तो खांदा कधी दिसला नाही. घरी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्याने हट्टाने कापड इथे आणवलं. पट्टा बांधून, जेवणाच्या टेबलापाशी उभा राहून, मागून बायकोने दंडाला धरलेलं — वीस मिनिटांत रेघा मारल्या. वीस मिनिटांत! आणि म्हणे गोळ्यांनी माणूस मंदावतो. सगळ्या रेघा मारून झाल्यावर उतरत्या खांद्याच्या तुकड्यावर त्याने नेहमीसारखा बारीक त्रिकोण काढला. धाकटा कापडाचं टोक धरून उभा होता, तो मध्येच म्हणाला, ‘‘दादा, कापडाची ही कुठली बाजू वर आहे?’’ तीस वर्षं झाली आणि याला कापडाची उलटी-सुलटी अजून विचारावी लागते. ‘‘या वेळेपुरतं तू कापून शिव,’’ तो म्हणाला होता. ‘‘रेघेत डोकं घालू नकोस.’’ मग त्याला इतकी झोप आली होती की गादीपर्यंत कसा गेला ते आठवत नाही.

डॉक्टर म्हणाला होता, कटिंगचं काम सोडा, माणूस ठेवा. बायकोलाही तेच वाटत होतं, बोलायची नाही पण वाटत होतं. त्याने दोघांना एकच सांगितलं: हेडसरांचा कोट अंगावर बघू. बसला, तर सोमवारी मी दुकानात. नाही बसला तर... त्या वाक्याचा पुढचा भाग त्याने तयारच केला नव्हता.

हेडसर वेळेवर आले. मागून धाकटा, हातात कोट, तोंडात टाचण्या, नेहमीसारखा अर्धा पाऊल मागे. कपाटाच्या आरशासमोर हेडसरांनी हात मागे केले, धाकट्याने कोट चढवला, आणि तो — मास्टर — मागे दोन पावलांवर काठी टेकून उभा राहिला. छातीत धडधडत होतं. ते गोळीमुळे, त्याने स्वतःला सांगितलं.

कोट बसला. बसला म्हणजे काय, जन्मल्यापासून अंगावर असल्यासारखा बसला. कॉलर मानेला टेकलेली, पाठीवर एक सुरकुती नाही, बाही जोडायचा मुंढा हात उचलला तरी ओढत नव्हता. आणि खांदा — दोन्ही खांदे एका पातळीत, आरशातसुद्धा.

‘‘मास्टर,’’ हेडसर म्हणाले, ‘‘मी आपला धास्तावलो होतो. म्हटलं इतकं मोठं ऑपरेशन... पण तुमचा हात तो तुमचाच.’’

‘‘ऑपरेशन पाठीचं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘डोळ्याचं नव्हतं.’’

हे त्याने बायकोला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. धाकटा गुडघ्यावर बसून खालची घडी टाचत होता. त्याच्या डोक्यावर विरळ झालेले केस, कानामागे पेन्सिल, वाकलेली निमूट मान... आणि तिच्याकडे बघताना त्याला आत कुठेतरी गरम, गोड असं काही पसरल्यासारखं वाटलं. कीव असावी. किंवा कीवही नव्हे — या माणसाला उद्या कुणी रेघेशिवाय नुसती कात्री हातात दिली तर तो ती धार लावायला नेऊन देईल, असा काहीतरी विचार.

‘‘सोमवारी येतो मी,’’ तो म्हणाला.

धाकट्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. ‘‘ये ना. टेबलाखाली ठोकळे घातलेत, दादा. वाकायला नको तुला.’’

एवढं तरी सुचलं.

ते गेल्यावर तो खुर्चीत टेकला आणि त्याला घामाचा लोट आला, दुपारच्या गोळीआधी येतो तसा. सदरा भिजला, मागची उशी भिजली. बायको पाठीवर पंचा टाकायला आली, म्हणाली अभ्रा काढून द्या, धुवायला टाकते, आणि चुलीवरचं उतू जाताना ऐकू आल्यावर तशीच आत पळाली. अभ्रा त्यालाच काढावा लागला. काढता काढता तो उलटा झाला.

करडं लोकरी कापड. त्यात एक बारीक निळसर धागा. हे कापड तर हेडसरांच्या कोटाचं...

उलट्या बाजूला खडूची रेघ होती. अर्धवट पुसलेली. मुंढ्याचं वळण, खांद्याची उतरण, आणि उतरणीच्या टोकाला बारीक त्रिकोण. त्रिकोण त्याचा होता, असा त्रिकोण जगात दुसरं कुणी काढत नाही. रेघ मात्र त्याची नव्हती. ती थरथरत गेली होती, एका ठिकाणी सुटून बोटभर खाली पुन्हा सुरू झाली होती, आणि वळणावर तर चक्क दोन रेघा होत्या, शेजारी शेजारी, दोन-दोन दिसणाऱ्या गजांसारख्या. कुणीतरी त्याच्या हाताची चेष्टा केल्यासारखी ती रेघ. कात्री त्या रेघेवरून गेलेलीच नव्हती. अभ्र्यासाठी कापड सरळ चौकोनी कापलेलं, रेघ मधोमध तशीच सोडून.

त्याने अभ्र्याचं ते अंग खडूची बाजू आत करून स्वतःच्या छातीवर धरलं, कोटाचा तुकडा धरावा तसं. मुंढ्याचं वळण डाव्या काखेत आलं. त्याने पुन्हा धरलं. डाव्या काखेत. त्रिकोण डाव्या खांद्यावर, आणि हेडसरांचा उतरलेला खांदा उजवा.

म्हणजे त्या दिवशी उलटी बाजू वर होती, आणि तो सुलटी समजून रेघा मारत गेला होता. पहिल्या आठवड्यातला शिकाऊसुद्धा ही चूक करून थोबाडीत खातो आणि पुन्हा करत नाही. ‘‘दादा, कापडाची ही कुठली बाजू वर आहे?’’ ...टोक धरून उभा होता तो. त्याला दिसत होतं. तीस वर्षं मशीनमागून मान वर न करता त्याला सगळंच दिसत होतं की काय? आणि मग दुसरं कापड आणून, खडू हातात घेऊन, कुणाला न सांगता, त्याने... तो मुंढा. ती कॉलर. पाठीवर एक सुरकुती नाही. मी काठी टेकून उभा राहिलो, त्याच्याच कामापुढे, आरशासमोर, मोठ्या आवाजात माझ्या डोळ्याची फुशारकी मारली आणि वर त्याचीच कीव केली. आणि तो तोंडात टाचण्या धरून खालची घडी टाचत होता. चोर कुठला. दानशूर कुठला. तोंडावर सांगायची छाती नाही म्हणून उशी शिवून पाठवतो.

की सांगितलंच होतं? महिनाभर मी त्या सांगण्याला पाठ लावून बसलो होतो, एवढंच.

बायको हात पुसत आली.

‘‘तुला ठाऊक होतं?’’ त्याने विचारलं.

तिने त्याच्या हातातला उलटा अभ्रा पाहिला. काय ठाऊक होतं, असं तिने विचारलं नाही. पंचाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

‘‘या उशीचं माप कुणी घेतलं?’’ तो म्हणाला. खरं तर त्याला हे विचारायचं नव्हतं.

‘‘माप कुठे घेतलं? तुम्ही झोपला होतात, कुशीवर. भावोजी आले, दारातच उभे राहिले जरा वेळ. तुमच्याकडे बघत. मग गेले.’’

तिने भिजलेला अभ्रा धुवायला मागितला. त्याने तो दिला नाही. हाताने सुलटा केला, उशीला पुन्हा चढवला आणि कड अंगठ्याने चाचपत गेला — कुठेतरी एक टाका सुटला असेल, कोपरा पाव इंच चुकला असेल. चारही कडा झाल्या. मग पुन्हा पहिल्या कडेपासून. तळहातावर खडूचा सकाळचा पांढरा डाग अजून होता, घामाने पुन्हा चिकट झालेला. सोमवारी ठोकळ्यांवरचं टेबल. हेडसरांच्या मागून येणारं पुढचं गिऱ्हाईक. आणि मशीनवर तो, मान खाली घालून, सगळं बघत.

त्याने उशी खुर्चीत मागे ठेवली, बरोबर नेहमीच्या जागी, आणि काठीच्या आधाराने तिच्यापुढे बसला. टेकला नाही. मागे बोटभर अंतर ठेवून ताठ बसला, पट्टा सोडून, सळया आणि आठ स्क्रूंच्या जोरावर. पाठीत तो तिरपा स्क्रू होता तिथून कळ निघायला लागली होती. असं दहा मिनिटं बसता येतं, हे त्याला माहीत होतं. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, आणि त्याला मिनिटकाटे दोन दिसत होते.