बुजरी कोणाला म्हणता?

मी एक म्हातारी घोडी आहे. मित्रांनो, आधी समोर या. मागे उभे राहिलात तर लाथ बसेल, मग रडू नका.

देवासच्या मानाजींनी मला शिंगरू असताना आणलं, हातानं चारा भरवून वाढवलं. किती नवरदेव मी मिरवले! बायका आधी माझी दृष्ट काढायच्या, मग नवऱ्याची. मानाजी गेले आणि मी त्यांच्या मुलाच्या, रणवीरच्या तावडीत सापडले. मेल्याला साधा खरारा करायचाही कंटाळा!

परवा वरातीत कुणीतरी माझ्या तोंडाशी धुराची मशीन लावली. मी बुजले आणि नवरदेव धाडकन खाली. झालं, रणवीरनं मला विकायला काढलं. हाटपिपल्याहून दीपेश नावाचं गिऱ्हाईक आलं. या वयात परक्या दावणीला जायचं म्हणून मी चाऱ्याला तोंडही लावलं नाही.

"भिया, भडकती तो नहीं?" त्यानं विचारलं.

"छे! आत्ता दाखवतो." रणवीरनं तसलीच मशीन अंगणात लावली आणि मी मागे सरू नये म्हणून मागून चाबूक ओढला. मी दोन पायांवर उभी राहिले.

"घोडी बुजरी, पोरगीही बुजरी!" तो पुन्हा चाबूक उगारत खेकसला. "शाळेतली मॅडम हिला 'शाय' म्हणते, म्हणजे लाजरी. दोघी माझ्याच नशिबी!"

त्याची मुलगी अपेक्षा दारातच होती. शाळेत तोंड न उघडणारी ही पोर थेट आमच्या मधे आली.

"बाबा, मी तो शब्द शोधला. इंग्रजीत आधी चटकन दचकणाऱ्याला 'शाय' म्हणायचे. घोडं बिचकलं तरी तोच शब्द, आपल्या बुजण्यासारखाच. आम्ही लाजत नाही, बाबा. आम्हाला तुमची भीती वाटते."

रणवीरचा हात वरच राहिला. दीपेश चपला शोधू लागला.

अपेक्षानं मशीन बंद करून माझ्या नाकापुढे धरली. तिचे आजोबा मानाजी करायचे तसं मला हुंगू दिलं. मग लांबून पुन्हा सुरू केली. मी कान टवकारले, पण जागची हलले नाही.

"हिला विकायचं नाही," ती म्हणाली.

रणवीरनं चाबूक खाली ठेवला. दीपेश रिकाम्या हातानं गेला आणि मी माझ्याच दावणीला राहिले.

आता रणवीर समोरून येतो. मी त्याला माफ केलेलं नाही, लाथ राखून ठेवली आहे. मित्रांनो, बुजणाऱ्याला हसू नका, मागून ढकलू तर मुळीच नका. ज्याची भीती वाटते ते त्याला नीट बघू द्या. आणि भीती तुमचीच वाटत असेल, तर आधी हातातला चाबूक खाली ठेवा.