संध्याकाळचा फोन

वीजकेंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं, यावर उद्या जनसुनावणी आहे. सकाळी मॅनेजर साहेब स्वतः घरी आले. "काका, तुम्ही तीस वर्षं बॉयलरवर काढलीत. आपल्या बाजूने दोन शब्द बोला." मी लगेच मान डोलावली. कोणी चढवलं की मी झाडावर चढतो, ही माझी जुनी खोड.

बोलायचं काय, ते तयारच होतं. कोळशाला नावं ठेवायला काय जातं हो! आमच्या विजेवर गिरण्या चालल्या, नळांना पाणी आलं, इस्पितळात ऑपरेशनं झाली. ऊन नसो, वारा नसो, आमचं चाक फिरतच राहिलं. बायकोचं ऑक्सिजनचं यंत्रही त्याच विजेवर खिडकीजवळ घरघरतं. तिची फुप्फुसं निकामी होत चालली आहेत. डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात कोणी सिगारेट ओढतं का?" कोणीच नाही, म्हणालो आणि गप्प बसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं.

धुराड्याआधी राख पकडणारं एक यंत्र असतं. ते स्वतःच बरीच वीज खातं. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की मागणी चढायची, वरून फोनवर फोन यायचे, आणि आमची पाळी ते यंत्र तासभर बंद ठेवायची. तेवढीच वीज जास्त बाहेर जायची. वहीत 'दुरुस्ती' लिहायचं, की झालं. साहेब पाठ थोपटायचे. मात्र बटण दाबण्याआधी ज्याच्या त्याच्या घरी फोन जायचा, "दोरीवरचे कपडे आत घे." घरच्यांची केवढी काळजी घेतो आपण, असं वाटायचं आम्हाला!

आज दुपारी हे सगळं मी बायकोला सांगून टाकलं.

"मला वाटायचं, वारा फिरतोय म्हणून फोन करता," ती म्हणाली.

"वारा नाही गं. आम्हीच."

तिने नाकातली नळी सारखी केली. मग थांबत थांबत म्हणाली, "शेजारणीकडे फोन नव्हता. मी कुंपणावरून हाक मारायचे, मग तीही पळत बाहेर यायची. चादरी काढेपर्यंत डोक्यावर राख पडायची. 'तू आत थांब' असं एकदाही म्हणावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"सुचलंच नाही," मी म्हणालो. खरंच नाही सुचलं, आणि त्याचीच मला आज लाज वाटते. शर्ट तेवढे सुचले.

"उद्या बंद करा म्हणून सांगतो," मी म्हणालो.

"आणि हे कशावर चालवणार?" तिने यंत्राकडे बोट दाखवलं. "ते लोकांना ठरवू दे," ती म्हणाली. "तुम्ही केलं ते सांगा. पण आधी शेजारी जा. ती बिचारी तर खोकून खोकून गेली. तिच्या लेकीला हे सुनावणीत कळायला नको."

मी गेलो. लेकीने खुर्ची पुढे केली, पाणी आणलं.

"काका, आई शेवटपर्यंत तुमचं नाव काढायची," ती म्हणाली. "तुमचा फोन यायचा, म्हणून आमचे शाळेचे कपडे कधी काळे पडले नाहीत."

पाण्याचा पेला मी तसाच खाली ठेवला आणि सांगायला लागलो.