ची कोणाची?

मी एक हातभर उंचीचा रबरी माणूस बोलतोय. माझ्या अंगभर रेघा आहेत आणि रेघांवर शेकडो ठिपके. चिनी वैद्यकाप्रमाणे माणसाची प्राणशक्ती ज्या वाटांनी फिरते, त्या या वाटा. असा अभ्यासू देह अख्ख्या पनवेलमध्ये दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

चीनमधल्या एका कारखान्यातून मी दुबईच्या दवाखान्यात गेलो. तिथे नर्स असलेली पनवेलची मुबीना एका चिनी बाईंकडून चीगोंग शिकली. संथ श्वास, संथ हालचाल आणि मन त्या हालचालीत. २०११ साली ती परत यायला निघाली, तेव्हा बाईंनी मला तिच्या हवाली केलं. घरी तिच्या अम्मीने मला पाहिलं, "तौबा!" म्हटलं आणि पडद्याच्या उरलेल्या कापडाची चड्डी शिवली. मांडीवरची विद्या झाकली गेली, पण इभ्रत वाचली.

मुबीनाने इमारतीच्या गच्चीवर सकाळचा वर्ग सुरू केला. तिथे एक दिवस भामाकाकी आल्या. उभा जन्म मिठागरात गेलेला, आता मुलाच्या फ्लॅटमध्ये. उजवा खांदा आखडलेला, हात कानापर्यंतही जाईना. सून मनिषा रोज मायेने त्यांचा अंबाडा घालायची आणि त्या रोज डोळे पुसायच्या.

"तिची चूक नाय गो," त्या मुबीनाला म्हणाल्या. "पन माजंच डोकं मला परक्याचं वाटतं."

मुबीनाने मला टेबलावर उभं केलं. "काकी, आपल्या शरीरात ची वाहते."

"कोनाची?"

"कोणाची नाही. नुसती ची!"

"अगो, पन 'ची'च्या आदी कोनाचं तरी नाव लागंल ना?"

वर्ग खो खो हसला. मुबीना गोरीमोरी झाली. दुबईत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "ची म्हणजे आपला जीवच समजा. वाट मोकळी तर माणूस ठीक, अडली की दुखणं."

काकींनी माझ्या खांद्यावरून बोट फिरवलं. "म्हंजे मिठागराचं पानी! एका वाफ्यातनं दुसऱ्यात जातं. मधी गाळ साचला का अडतं. मंग फावडं दनादन मारलं तर बांधच फुटतो. गाळ हलक्या हातानं काडाचा."

"बस्, काकी, हेच!" मुबीना म्हणाली. खरं सांगतो, माझं स्वतःचं अंग मला त्या दिवशी समजलं.

तोवर त्या हात हिसका देऊन वर रेटायच्या आणि कळवळायच्या. आता गुडघे सैल सोडून, डोळे मिटून, श्वासाबरोबर वीतभरच न्यायच्या. हाडांच्या डॉक्टरांचे व्यायामही चालू होतेच, मी कुणाचं श्रेय लाटत नाही. आठ महिने गेले.

आज माझं रबर कडक झालंय, एक कान तुटलाय. तरी मला भंगारात देऊ नका, कारण ती सकाळ मी डोळ्यांनी पाहिली आहे.

वर्ग संपताच मनिषा नेहमीप्रमाणे अंबाडा घालायला फणी घेऊन गच्चीवर आली. काकी पाठमोऱ्या उभ्या होत्या. दोन्ही हात मानेमागे गेले, केसांना पीळ बसला, आकडा खोचला गेला. अंबाडा डावीकडे कलला होता. मनिषा तो सरळ करायला पुढे झाली.

"ऱ्हाऊ दे. वाकडा हाय, पन माजा हाय."

मनिषाला फणीचं काय करावं ते कळेना. काकींनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"बस इथं," त्या म्हणाल्या, "आता तुजी येनी मी घालते."