खुर्चीवरचा फेटा

सकाळचे नऊ वाजले की गांधीनगरातल्या कॉफी हॉटेलात उपेंद्रराव आपल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी येऊन बसत. कपाळाला गंध, अंगात बंद गळ्याचा कोट, बगलेत चामडी पाकीट. बेंगळुरात ज्याला नाटक कंपनीत काम हवं त्यानं या टेबलापुढं येऊन उभं राहावं, असा सन अठ्ठावन्नच्या सुमाराचा रिवाज. कंपनीचे मालक आणि नट यांच्यामधले हे मध्यस्थ. लोक त्यांना एजंट म्हणत, ते स्वतःला कलेचा सेवक म्हणवत. सेवक बसलेला असे आणि कला तासतासभर उभी असे.

त्या दिवशी यल्लव्वा उभी होती. वय एकोणीस. शेजारी तिची आई भागुबाई. मायलेकी मूळच्या बेळगावकडच्या. फिरती कंपनी मोडल्यावर कॉटनपेठेत एका खोलीत येऊन राहिलेल्या. मराठी पदं आणि कानडी पदं यल्लव्वाच्या गळ्यात एकाच झऱ्याचं पाणी होऊन वाहत. उपेंद्ररावांनी दोन कडवी ऐकली आणि तिसऱ्याला हात वर केला. आवाज उत्तम आहे म्हणाले, म्हैसूरकडच्या एका मोठ्या कंपनीला नायिका हवीच आहे म्हणाले. मग पाकिटातले फोटो काढून त्यांनी टेबलावर मांडले.

प्रत्येक फोटोत एक बाई उभी, आणि तिच्यापुढं खुर्चीत एक पुरुष. मागच्या बाजूला शिक्का, ‘बोलणी उपेंद्ररावांमार्फत’. असा फोटो हाती आला की मालक निर्धास्त होई. या नटीला यजमान आहे, तो तिला ठेवील, पहिली रांग विकत घेईल, कंपनीच्या डोक्याला ताप नाही. काही यजमान फारच अब्रूदार. त्यांना बाई हवी असे, पण फोटोत तोंड नको असे. त्यांच्यासाठी खुर्चीवर नुसता त्यांचा फेटा ठेवत.

“तुझा यजमान कोण?”

“कोण न्हाई.”

“मग स्वल्प अडचण आहे, बाळ,” उपेंद्रराव मायेनं म्हणाले. अडचणीवरचा उपायही त्यांच्यापाशी तयार होता. चिकपेठेतले रेशमाचे व्यापारी रघुपतीराव. अनाथ मुलींच्या वसतिगृहाच्या समितीवर असलेले. स्त्रियांच्या उन्नतीवर गेल्याच महिन्यात त्यांनी असं भाषण केलं, की ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले. गुरुवारी त्यांचा फेटा फोटो स्टुडिओत पोचेल. सरी, म्हणजे ठरलं ना?

यल्लव्वानं आईकडं पाहिलं. आई फरशीकडं पाहत होती. “सरी,” भागुबाई म्हणाली.

घरी आल्यावर यल्लव्वानं पेटीच्या तळातला जुना फोटो काढला. अठरा वर्षांची भागुबाई, डोळे टपोरे, हात खुर्चीच्या पाठीवर. खुर्चीत जरीकाठी फेटा. बाप म्हणून यल्लव्वानं जन्मात एवढंच पाहिलं होतं. लहानपणी सणासुदीला ती त्या फेट्याच्या पाया पडे. तो गृहस्थ वारला तेव्हा भागुबाईला त्याच्या घराच्या फाटकाच्या आतही कोणी घेतलं नव्हतं.

“आई, त्यो काळा हुता का गोरा?”

“कशाला आता?”

“सांग की.”

भागुबाई कितीतरी वेळ फोटो न्याहाळत राहिली. “इसरलं बघ. फेट्याचा काठ तेवढा ध्यानात हाय.”

“आणि तसलाच मला आणून देतीस?”

“हौसंनं देतंय व्हय गं? गायलीस तर जगशील. आणि त्येच्याबिगर गायला कोण देतंय तुला?”

पोरीनं फोटो पुन्हा पेटीच्या तळाशी ठेवला. गुरुवारी सकाळी आई तिची वेणी घालायला बसली, आणि सवयीनं तिच्या ओठी ओवी आली.

दारी लाविली गं जाई, वास सुटला साऱ्या गावा
माझ्या लेकीच्या गळ्याला धनी कशाला असावा

दुसरी ओळ कुठून आली ते तिलाच कळलं नाही. फणी केसांत तशीच थांबली.

अव्हेन्यू रोडवरच्या स्टुडिओत रघुपतीरावांचा म्हातारा गडी विठोजी फेटा घेऊन आला. चांदीच्या तबकात, रेशमी रुमालाखाली, वर छत्री धरून. उपेंद्रराव चटकन उठून उभे राहिले. माणसांना उभं ठेवणारा हा गृहस्थ कापडापुढं अदबीनं वाकला, आणि आपल्या हातांनी त्यानं तो खुर्चीवर ठेवला.

फोटोग्राफर नरसिंह काळ्या कापडाखाली शिरला. “हात खुर्चीवर ठेव, अक्का.”

यल्लव्वानं हात ठेवला नाही. “अण्णा, थांबा. खुर्चीत मी बसते.”

“ती यजमानांची जागा आहे,” उपेंद्रराव म्हणाले.

“मग त्येनला बोलवा की. येताना डोकं घेऊन या म्हणावं.”

उपेंद्ररावांची माया क्षणात उतरली. या फोटोवर माझा शिक्का पडणार नाही, त्यांनी बजावलं. आणि शिक्क्यावाचून एकही कंपनी तुला दारात उभं करणार नाही. ते खोटं बोलत नव्हते. यल्लव्वालाही ते ठाऊक होतं.

तेव्हा भागुबाई पुढं झाली. खुर्चीवरचा फेटा तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि विठोजीच्या तबकात ठेवला. “ने बाबा. हलका हाय बघ. वीस वर्सं मला लई जड वाटत हुता.”

विठोजीनं त्यावर रुमाल घातला. जाताना छत्री उघडायला तो विसरला, की त्यानं उघडली नाही, कोण जाणे.

यल्लव्वा खुर्चीत बसली. पाठ ताठ, हात मांडीवर, शेजारी उभी आई. फोटो तयार झाल्यावर नरसिंहनं विचारलं, मागं काय लिहू?

“बोलणी यल्लव्वाशीच करावी. कॉटनपेठ, बेंगळूर.”

तो फोटो म्हैसूरकडं रवाना झाला. मालकानं तो उलटापालटा करून पाहिला, आणि आपल्या मॅनेजरला विचारलं, “हिच्यामागं कोण आहे?” तो हे विचारतो, कारण पहिल्या रांगेत बसणारे आपण पडदा वर जाताच शेजाऱ्याच्या कानाशी लागून हेच विचारतो. गाणं त्यानंतर ऐकतो. यल्लव्वा अजून पत्राची वाट पाहते आहे. आपण विचारायचं थांबलो, तर ते येईल.