नावाने हाक
माझा भाऊ निझार स्वीडनहून जॉर्डनमधल्या सॉल्टला आमच्या घरी आला, तो बायको अनिका आणि दत्तक मुलगा मातियास यांना घेऊन. मुलगा चार वर्षांचा, जन्म इथियोपियातला. आई नाकावर माशी बसू न देणारी. पोरक्याला जवळ करणं पुण्याचं, पण तेवढ्याने तो आपला नातू होत नाही, हे तिने फोनवरच सुनावलं होतं. रक्त ते रक्त.

सुरुवातीला ती मुलाशी फार अदबीने वागली. मातियास, बस. मातियास, पाणी हवं का? पाहुण्याला विचारावं तसं. अनिका मात्र खूश होती. त्यांच्याकडे म्हणे लहानातल्या लहानाला त्याच्या नावाने हाक मारतात. प्रत्येक जण वेगळा, ते वेगळेपण जपायचं. सासूबाई किती मान देतात त्याला, असं ती मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली.

शुक्रवारी आई अंगणात द्राक्षाच्या पानांत भात भरत बसली होती. मातियास शेजारी ऑलिव्ह चघळत होता. बी कुठे टाकावी कळेना, म्हणून गाल फुगवून तसाच बसला. आईने भाताने माखलेला तळवा त्याच्या तोंडापुढे धरला.

"थूक इथे, तेता."

तो थुंकला. आई पोटभर हसली. तेव्हापासून मातियास हे नाव तिच्या तोंडी उरलंच नाही. ये तेता, खा तेता, पडशील ना तेता.

दुसऱ्या दिवशी अनिका मला गच्चीवर घेऊन गेली. रडून डोळे लाल झाले होते.

"तेता म्हणजे आजी ना? मग त्याला का म्हणतात? त्याचं नावच टाकलं त्यांनी. काळा आहे म्हणून? आम्ही हॉटेलात जातो."

मला आधी राग आला, मग हसू.

"अगं वेडे, ती मला यम्मा म्हणते, म्हणजे आईच, आणि मीही तिला यम्माच म्हणते. आई लेकराला आपलीच हाक देते. आजीचंही तसंच. नावाने हाक परक्याला मारतात. तुझं पोर काल आमचं झालं."

ती गच्चीच्या कठड्याला टेकली. मग म्हणाली, "पण सगळ्यांना एकच हाक, तर त्यात तो स्वतः कुठे राहिला?"

तिचंही खोटं नव्हतं. यम्मा, यम्मा ऐकत माझे केस पिकले. मला, रुदैनाला, काय हवंय, हे या घरात कुणी विचारलं नाही. तरी ती हाक थांबली तर मी जगू शकणार नाही, हेही तितकंच खरं.

अनिकाने डोळे पुसले. हॉटेलचा विषय तिने पुन्हा काढला नाही. जिना उतरताना मात्र मध्येच थांबली.

"आणि मला? मला काय म्हणतात त्या?"

तेवढ्यात खालून आईने जेवायला हाक मारली. आधी मला, मग तेताला, आणि शेवटी, एकेक अक्षर स्वच्छ उच्चारत, अनिकाला.