टेडीचा क्वार्टरबॅक

डावं भोक उजव्यापेक्षा मोठं झालं होतं — मोठं, आणि कडेला थोडं फाटलेलं, म्हणजे आत्यानं कात्री आत खुपसून नेहमीसारखी रागारागानं फिरवली असणार... किराण्याची तपकिरी कागदी पिशवी, उलटी धरलेली, डोळ्यांच्या जागी ही दोन भोकं, आणि कपाळाच्या जागी काळ्या मार्करनं लिहिलेलं एकच नाव: टेडी. बाकीच्यांच्या पिशव्यांवरही काही ना काही होतं, ‘स्ट्रोबेल, घरी जा’ होतं, ‘आम्हाला ओळखू नका’ होतं, पण घालणाऱ्याचं नाव तेवढं टेडीच्याच पिशवीवर. म्हणजे तोंड झाकायचं, आणि कुणाचं तोंड झाकलंय ते वर कपाळावर लिहून ठेवायचं. बर्नी आत्याच असं करू जाणे.

तिनं पिशवी मोटारीच्या टपावर ठेवली. सरोवरावरून वारा आला नि पिशवी उडायला निघाली, तशी तिनं तिच्यावर मोहरीच्या सॉसची बाटली ठेवली, आणि मग उगाच वाटलं, उडू द्यायला हवी होती.

डिसेंबरातला रविवार, अमेरिकन फुटबॉलच्या हंगामातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, आणि स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये सकाळपासून धूर, कांदा, सॉसेज आणि भांडणं. आपली लेकमेन टीम हरत असली की शहर जास्त खातं, असं बाबा म्हणतात. या हिशोबानं ओहायोतल्या या आपल्या गावात गेली कित्येक वर्षं कुणी उपाशी राहिलेलं नाही. बाबा तव्यावर पिएरोगीच्या करंज्या उलटत होते, एकेक, सावकाश, बटाट्याचं सारण बाहेर येऊ न देता. भांडणात त्यांचा भाग तेवढाच, तवा.

“तीन वर्षं,” आत्या म्हणाली. ती काटा हातात धरून बोलते, खायला वेळ मिळत नाही. “नवीन पोरं निवडायच्या तीन वर्षांच्या पहिल्या पाळ्या देऊन टाकल्या, टीम चालवणाऱ्या त्या स्ट्रोबेलनं. कशासाठी? तर व्हिटलोसाठी. तीन वर्षं आपण रांगेत शेवटी उभं राहायचं, दुसऱ्यांनी चांगली चांगली पोरं उचलायची, आणि आपण काय बघायचं? तर हा कसा चेंडू शत्रूच्या हातात नेऊन देतो ते. पोस्टमनसुद्धा इतकं अचूक पोचवत नाही.”

“पोस्टमनला मध्ये आणू नकोस, बर्नी,” मिस्टर पेटीफर्ड म्हणाले. त्यांनी उभ्या आयुष्यात पत्रंच वाटली; स्टेडियममध्ये त्यांची जागा आमच्या बरोबर मागे, गुडघे आत्याच्या पाठीला लागतील इतक्या मागे. “आणि पोराला कशाला धरतेस? क्वार्टरबॅक चेंडू फेकेपर्यंत त्याला राखायला समोर पाच जण उभे करतात. त्या पाचांतून माझी म्हातारी मावशी वॉकर घेऊन आरपार जाईल. घराला दारंच नाहीत आणि तू कुलपाला शिव्या देतेस.”

“दारं नाहीत हे माहीत असून हिऱ्याचं कुलूप घेतलं कुणी? स्ट्रोबेलनं. वर काचेच्या खोलीत बसून सूप पितो तो. म्हणून तर पिशव्या. त्याला वरून दिसू दे, आपल्या माणसांना तोंड दाखवायची लाज वाटते ते.”

“आणि व्हिटलो?”

“व्हिटलोचं टेडीला विचारा. तिचा क्वार्टरबॅक आहे तो.”

हसले सगळे. शेजारच्या गाडीवाले, नाव माहीत नसलेले, तेसुद्धा हसले. टेडीही हसली — हसू येतंच, आत्या बोलते तेव्हा — आणि हसता हसता तिला आतून ती जागा सापडली, जिथं ते लागलं होतं.

कारण ते खरं होतं. तिचाच होता तो.

सप्टेंबरपर्यंत टेडी म्हणजे मोहरीची बाटली देणारी मुलगी. रांगेत सगळ्यात कडेला, बाबांच्या पलीकडे, थर्मास सांभाळत. ऐकायची मात्र सगळं... किती ऐकायची, रात्री पांघरुणात तेच वाद परत चालवायची, दोन्ही बाजूंनी, आत्याला हरवायची आणि सकाळी परत गप्प. आणि मग सप्टेंबरातल्या त्या रविवारी, याच पार्किंगमध्ये, जुना क्वार्टरबॅक ओग्डन किती भरवशाचा आहे यावर आत्या रंगात आलेली असताना, टेडीच्या तोंडून आपोआप निघालं, “ओग्डन वाचवत नाही काही. तो फक्त उशिरा हरतो.”

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तवासुद्धा थांबला असावा. मग ती बोलतच गेली — ओग्डन जवळच फेकतो, हरायची भीती वाटते म्हणून. व्हिटलो लांब बघतो, चुकेल, पण तो बघतो तरी. ज्याला लांबचं दिसतं त्याला बाकावर बसवून तुम्ही काय राखताय — आणि बोलताना तिला स्वतःचा आवाज बाहेरून ऐकू येत होता, जाडसर, थोडा चिरकलेला, पण थांबत नसलेला. आत्यानं काटा खाली ठेवला. पुढच्याच आठवड्यात आत्यानं रेडिओवरच्या कार्यक्रमात फोन करून ते वाक्य स्वतःचं म्हणून ठोकून दिलं, त्याच्या पुढच्या सामन्याला कुणीतरी ते पुठ्ठ्यावर लिहून आणलं, आख्खा आमचा भाग व्हिटलोच्या नावानं ओरडायला लागला, आणि एके दिवशी कोचनं खरंच ओग्डनला बाकावर बसवून व्हिटलोला उतरवलं. कोचनं टेडीचं ऐकलं नव्हतं, हे टेडीला कळत होतं. तरी... कळणं वेगळं.

तेव्हापासून टीम जिंकलेली नाही.

पण गंमत ही, की तेव्हापासून टेडी जिंकत होती. वर्गात हात वर करायला लागली. केस स्वतःच कापले, कानाच्या वर, आणि आईनं नुसतं “बरं” म्हटलं. इतिहासाच्या सरांना “मला नाही पटत” म्हणाली आणि आकाश कोसळलं नाही. सगळी पानगळ तिनं त्या एका वाक्यावर उभी केली होती, खांबावर मंडप उभा करावा तशी. आणि आता टपावर, मोहरीच्या बाटलीखाली, आत्यानं प्रेमानं, हो, प्रेमानंच, तो खांब काढून घ्यायची व्यवस्था करून ठेवली होती. पिशवी घालायची, म्हणजे म्हणायचं, चुकलं माझं. सगळे हसतील, पाठीवर थाप मारतील, पिएरोगी जास्तीची मिळेल, संपलं. इतकं सोपं. नाही घातली तर? तर रांगेत एकटं उघडं तोंड, आपलं. आणि हरणारा क्वार्टरबॅक.

मी चुकले असेन का... हा प्रश्न तिनं पार्किंगपासून दरवाज्यापर्यंत नेला, दरवाज्यापासून वर जिन्यानं नेला, आणि जागेवर बसताना तो मांडीवर ठेवला, पिशवीबरोबर.

बाकडी बर्फासारखी. मैदान खाली हिरवं, खोटं वाटावं इतकं हिरवं. व्हिटलो कडेला उभा राहून चेंडू फेकून हात गरम करत होता. इथून तो अंगठ्याएवढा. वयानं काही फार मोठा नाही माझ्यापेक्षा, तिला नेहमी वाटतं, आमच्या शाळेच्या बसमध्ये मागे बसला असता तर शोभला असता. त्याला माहीत असेल का, वर चाळिसाव्या रांगेत कुणीतरी त्याच्यासाठी आपली जीभ गहाण ठेवलीय?

“तयार?” आत्या रांगेभर बघत म्हणाली. “सामन्याचा पहिला चेंडू उडाला की सगळ्यांनी एकदम. मिस्टर पेटीफर्ड, चष्मा आतून की बाहेरून?”

“आतून. बाहेरून घातला तर वेडा दिसेन.”

चेंडू उडाला, आणि रांगच्या रांग तपकिरी झाली. टेडीनंही घातली. इतक्या विचारानंतर हात आपसूक वर गेला, आणि घातली... तेच तिला सगळ्यात वाईट वाटलं, की ठरवलंसुद्धा नाही. आत ऊब होती. कागदाचा, कांद्याचा वास, आपलाच श्वास आपल्याच तोंडावर, गर्दीचा आवाज लांब गेलेला, शेजारच्या घरातून आल्यासारखा. छान होतं आत. इथं कुणालाही काही पटवून द्यायला नको. अशीच तर होते मी उन्हाळ्यापर्यंत, तिला वाटलं, पिशवी नसताना.

फक्त दिसत नव्हतं. मैदानाचा मधला तुकडा दिसायचा, डाव्या भोकातून जरा जास्त, उजव्यातून जरा कमी, आणि मान वळवली की कागद वळायचा नाही. एक चाल गेली. दुसरी गेली, कुठं गेली कळलं नाही, नुसता हुंकार आला गर्दीचा. मग व्हिटलोनं चेंडू घेतला, मागे सरला, एक पाऊल, अजून एक, आणि त्यानं मान वर करून लांब डावीकडे बघितलं — तो तसा बघतो तेव्हा टेडीही तिकडे मान वळवते — आणि त्यानं जिकडे बघितलं तिकडे तिच्या पिशवीत नुसता कागद होता.

तिनं ती ओढून काढली. कुणासाठी नाही, कशाविरुद्ध नाही. बघायचं होतं म्हणून.

वारा गालांवर आला चपराकीसारखा. आणि मैदान... सगळंच्या सगळं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरोवराच्या बाजूचे झेंडेसुद्धा. चेंडू हवेत होता, सुंदर फिरत होता, आणि तो पोचायच्या आधीच तिला दिसलं तो कुणाच्या हातात पडणार आहे. आपल्या नाही.

सगळं स्टेडियम ओरडलं. शिव्या, शिट्ट्या, हू हू हू, आणि त्या तपकिरी रांगेतून गोंधळलेली चुळबुळ.

“काय झालं?” आत्याची पिशवी इकडे वळली, तिकडे वळली. “अरे काय झालं? मला मधलंच दिसलं. तू तरी सांग रे, काय झालं?”

आत्या बाबांना विचारत होती. टेडीला तेव्हा दिसलं की त्यांच्या डोक्यावर पिशवी नव्हतीच. ती त्यांनी नीट घडी करून खाली घातली होती आणि वर बसले होते. “बाकडं गार आहे,” ते एवढंच म्हणाले, तिच्याकडे न बघता.

“काढ ना मग पिशवी, बर्नी,” मागून पेटीफर्ड म्हणाले.

“पहिला भाग संपेपर्यंत नाही काढायची, असं ठरलंय. टेडी, तू काढलीस ना? दिसतेयस मला, अर्धी. सांग काय झालं. वारा का?”

वारा. वारा चालला असता. आख्ख्या पानगळीत टेडीनं प्रत्येक चुकलेल्या फेकीला एक कारण दिलं होतं: वारा होता, झेलणारा घसरला, ते पाच जण दारासारखे उघडले, चेंडू ओला होता. सगळी कारणं तिच्याजवळ अजून शिल्लक होती, ओळीनं, हात घातला की निघतील अशी. आणि आत्याला खरंच काही दिसलं नव्हतं. बाबा सोडून रांगेत कुणालाच नाही, आणि ते मध्ये पडणारे नव्हते. टेडी म्हणेल तेच झालेलं असणार होतं.

“नाही,” ती म्हणाली. “वारा नव्हता. झेलणारा कुणी घसरलापण नाही. उजवीकडे आपला माणूस मोकळा होता, आत्या, इतका मोकळा की हात हलवत होता. हा पहिल्यापासून डावीकडेच बघत राहिला. समोरच्यानं त्याचे डोळे वाचले आणि आधीच तिथं जाऊन उभा राहिला. चूक त्याचीच.”

आत्याची पिशवी तिच्याकडे वळली.

“त्याचीच?” आतून आवाज आला.

“शंभर टक्के.”

“लिहून घ्या रे कुणीतरी. म्हणजे आता ओग्डन.”

“नाही. आता व्हिटलो. पुढच्या वेळीही व्हिटलो.”

“अगं, आत्ताच म्हणालीस ना चूक त्याची.”

“हो, म्हणाले. त्याची चूक आहे आणि तोच हवा. दोन्ही.” आवाज चिरकला नाही, याचं तिला आश्चर्य वाटलं, नंतर वाटलं, चिरकला असता तरी काय. “बाकावर बसून कुणी उजवीकडे बघायला शिकत नाही.”

“बघा,” आत्या रांगेला उद्देशून म्हणाली, “कबूलही करते आणि हटतही नाही. कुणावर गेलीय कोण जाणे.”

“आरसा पाठवू का?” पेटीफर्ड म्हणाले, आणि तीन-चार पिशव्या हसून हलल्या.

खाली व्हिटलो कडेला गेला होता. शिरस्त्राण काढून तो कोचशेजारी उभा राहिला, एकटा जाऊन बसला नाही, आणि कोच काहीतरी सांगत होता, हात उजवीकडे करून, आणि तो मान हलवत होता. कळलं म्हणून हलवत होता की नुसतीच, ते इथून कळायला मार्ग नव्हता. कदाचित तो कधीच चांगला व्हायचा नाही... हे तिनं आजवर मनातसुद्धा पुरतं म्हटलं नव्हतं, आता म्हटलं, आणि वाट पाहिली: मंडप कोसळेल, हात थर्मासकडे जाईल. तसलं काही झालं नाही. गाल थंडीनं जळत होते, आणि पुढची चाल सुरू होत होती, आणि आत्या विचारत होती, आता कोण कुठं उभं आहे गं, नीट सांग, आणि टेडी मान ताठ करून, डावीकडून उजवीकडे, एकेकाचं नाव घेत सांगायला लागली, त्या आवाजात, जो व्हिटलो जिंकला तरी तिचा होता आणि हरला तरी... मी चुकले असेन. असेन की.